अण्णांनी किल्ली घेतली नाही

अण्णा कुणाच्या घरी गेले की आधी उंबऱ्याबाहेर उभे राहून आत कोण कोण आहे ते बघायचे. 'या, बसा' म्हटलं तरी बसायचे नाहीत. "बसतो की. आधी काम काय ते सांगा." काम पटलं तर बसायचे, चहा आला तर घ्यायचे. नाही पटलं तर उभ्याउभ्याच निघायचे आणि मागे कप निवत राहायचा. आमच्या घरी पहिल्यांदा असं झालं तेव्हा आमची सौ. मला म्हणाली, "माणूस आहे का फौजदार?"

"एस.टी.चे चेकर होते," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तो चहा मला दिला.

नगरला आमच्या गल्लीत ते राहायला आले तेव्हा नुकते निवृत्त झाले होते. मी सरकी-पेंडीच्या एका पेढीवर हिशेब लिहीत असे. पेढीवर दिवसभर माणसांवर अविश्वास दाखवण्याचाच पगार मिळतो, त्यामुळे अण्णांचं मला फारसं वावगं वाटलं नाही. बाकीच्यांना वाटायचं. नारळ घेताना ते कानाशी धरून हलवायचे, एवढं सगळेच करतात. अण्णा तो नारळ परत ठेवून दुकानदाराने न दाखवलेला तिसराच उचलायचे. दूधवाला आला की किटलीत नाही, आधी दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काकूंनी या माणसाबरोबर संसार केला म्हणजे कमाल आहे. काकू हसून म्हणायच्या, "लग्नात माझ्याकडे तिकीट होतं हो, म्हणून निभावलं."

त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. पाथर्डीकडून येणाऱ्या गाड्या करंजीचा घाट चढताना माणूस चालतो तेवढ्या वेगाने येत. अण्णा तिथे एका मोरीच्या कठड्यावर छत्री उघडून बसायचे. थांब्यावर चेकर असेल म्हणून कंडक्टर सावध असतो, चढावर नसतो. एकदा असेच ते गाडीत चढले, तर मागच्या बाकावर त्यांचा सख्खा मेव्हणा. पायाशी बाजरीचं पोतं आणि वांग्यांची पाटी. तिकीट होतं, लगेज काढलेलं नव्हतं.

"लगेजची पावती?" अण्णा म्हणाले.

"आवं दाजी, तुमच्याच घरी चाललोय की! ही वांगी तुमच्याच ताटात पडायची हायेत."

"ताटात पडली की बघू. आत्ता गाडीत आहेत."

दंडाची पावती फाडली. संध्याकाळी घरी त्याच वांग्यांचं भरीत झालं. अण्णांनी दोनदा मागून घेतलं आणि "भरीत फक्कड झालंय" असं मेव्हण्याकडे बघून म्हणाले. मेव्हणा जेवलाच नाही. ही गोष्ट अण्णा स्वतः कधी सांगत नसत, काकू सांगत. अण्णा फक्त शेवटी म्हणायचे, "चेकरने गाडीत चढायचं, पण गाडीचं व्हायचं नाही. कंडक्टरचा चहा घेतला की झालात तुम्ही गाडीचे."

असा माणूस गोविंदशेठांचा मित्र झाला, तो त्यांच्याशी भांडून. गोविंदशेठांचं गल्लीच्या तोंडाशी तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. अण्णांनी एक पातेलं घेतलं, दुकानातच पाणी मागून ते काठोकाठ भरलं, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि कागद ओला होतो का ते बघत उभे राहिले. गिऱ्हाईकं खोळंबली. गोविंदशेठ आधी तापले, मग म्हणाले, "अहो, बायको करतानाही असंच पाणी भरून बघितलं होतं का?"

"तेव्हा नोकरीला लागलो नव्हतो," अण्णा म्हणाले.

गोविंदशेठ इतके हसले की गादीवरून खाली आले. त्या दिवसापासून संध्याकाळी अण्णा दुकानाच्या पायरीशी दिसू लागले. मीही पेढीवरून येताना तिथे थांबे.

दुकान जुन्या पद्धतीचं होतं. जमिनीपासून उंच, लाकडी फळ्यांचं, खाली पोकळी. त्याच फळ्या बाजूच्या खोलीत गेलेल्या होत्या आणि त्या खोलीत गोविंदशेठांची एकुलती मुलगी सुमन राहायची. तिशीची असेल. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. दिवसभर ती पाठ दाराकडे करून खिडकीच्या उजेडात बसायची आणि विकायची भांडी चिंच लावून लखलखीत करायची. तिला हाक मारायची रीत गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होती. दारातल्या फळीवर पाय आपटायचा. फळी हलली की तिला कळायचं. नुसतं कुणी आलं एवढंच नाही, कोण आलं तेही. गोविंदशेठ आपटायचे तेव्हा ती वळतानाच हसायची. दूधवाला आपटायचा तेव्हा वळायच्या आधी हात पातेल्याकडे जायचा. अण्णा एकदाच पाय आपटायचे आणि जाताना दोनदा. एक घंटी म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे सोडा. सुमनला घंटी कुठली माहीत असणार, पण दोनदा फळी हलली की ती मान न वळवता हात वर करायची. अण्णा गेले, हे तिला कळलं.

गोविंदशेठांना छातीचं दुखणं लागलं तेव्हा त्यांनी वकील गाठून एक खाजगी ट्रस्ट केला. दुकान आणि घर ट्रस्टचं. दुकान भाड्याने द्यायचं, त्यावर सुमनचं पोट चालवायचं, आणि तिने शेवटपर्यंत तिच्या त्या खोलीत राहायचं. ट्रस्टी तिघे. दोन पुतणे, वसंता आणि भास्कर. ते पाथर्डीकडे गावी असत. तिसरे अण्णा. तिघांत दोघांचं मत पडेल तसं व्हायचं.

"पुतणे कशाला?" मी विचारलं होतं.

"रक्ताचे वगळले तर उद्या ते दावा लावतील. म्हणून तर यांना घातलंय मध्ये," गोविंदशेठ अण्णांकडे बोट करून म्हणाले. "यांच्या समोर कुणाची बिशाद नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. गोविंदशेठांनी ते मूकपणच होकार म्हणून धरलं. मीही धरलं. पण माझ्या ध्यानात आलं होतं की त्या संध्याकाळी दुकानातून चहा आला तो अण्णांनी घेतला नाही.

एकाहत्तरच्या थंडीत गोविंदशेठ गेले. तेराव्याला मंडळी जमली. जेवणं उरकल्यावर वसंताने ताटात नारळ, टॉवेल-टोपी आणि घराच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि सगळ्यांच्या देखत अण्णांपुढे धरला.

"अण्णा, काकांची विच्छा. आमी दोघं पोरं. वडीलधारं मानूस म्हनून तुमीच सांबाळा आता."

अण्णांनी दोन्ही हात मागे बांधले. "नाही," म्हणाले. "मला नको."

भास्कर म्हणाला, "न्हाई काय म्हनता? नाव लिवलंय की कागदावर."

"लिहिणाऱ्याने लिहिलंय. मी घेतलेलं नाही. किल्लीला हात लावला तर घेतलं असं होतं, म्हणून लावत नाही."

त्यानंतर जे झालं ते लिहायला मला नको वाटतं, पण लिहितो. सुमन कोपऱ्यात बसली होती. काय चाललंय ते तिला अर्धंमुर्धं कळलं असावं. ती उठली, ताटातला किल्ल्यांचा जुडगा उचलला, अण्णांसमोर येऊन उभी राहिली आणि तो पुढे केला. जमलेल्यांत तिच्या भरवशाचा तेवढाच माणूस होता. अण्णांनी हात मागेच ठेवले. मान हलवली. ती जुडगा धरून उभीच. अखेर काकूंनी तिला जवळ घेतलं आणि अण्णा जोडे घालून बाहेर पडले. फळीवर पायही आपटला नाही.

चारच दिवसांत त्यांनी मुद्रांकाच्या कागदावर लिहून दिलं की अमुक ट्रस्टचं पद मी स्वीकारलेलं नाही, स्वीकारत नाही, ट्रस्टचं कुठलंही काम मी केलेलं नाही. साक्षीला माझी सही मागितली. मी केली, पण विचारलं, "कारण लिहिलं नाहीत?"

"कारण मागितलेलं नाही," ते म्हणाले आणि शाई वाळली का ते बोट लावून बघितलं.

गल्लीने मग अण्णांची तपासणी सुरू केली. जन्मभर दुसऱ्याच्या पिशव्या उघडणारा माणूस स्वतःवर वेळ आली तेव्हा पळाला, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, पुतण्यांनी काहीतरी चारलं असणार. मलाही संशय आला. तो वाढवायला आणखी एक कारण घडलं. महिन्याभरात अण्णांच्या छपरावर नवे पत्रे चढले, आणि ते ज्या टेम्पोतून आले तो वसंताच्या साडूचा होता. मी हिशेबी माणूस. दोन आकडे शेजारी दिसले की बेरीज केल्याशिवाय मला राहवत नाही. सरळ गेलो आणि विचारलं, "अण्णा, हे पत्रे कुणाचे?"

मला वाटलं होतं संतापतील. त्यांचा चेहरा खुलला.

"शाबास! गल्लीत सगळे पाठीमागे बोलतात, तुम्ही एकटे समोर आलात. बसा." त्यांनी ट्रंकेतून दुकानाची पावती काढली, टेम्पोच्या भाड्याची चिठ्ठी काढली आणि दोन्ही मला मोठ्याने वाचायला लावल्या. टेम्पो दुकानदाराने ठरवलेला होता. मी वाचून झाल्यावर म्हणाले, "आता शिक्का बघा. खरा वाटतो का?" मग चहा मागवला. माझ्या संशयाने त्यांना इतका आनंद झालेला पाहून मीच ओशाळलो. पण मूळ प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही ते नाहीच.

तिसरे ट्रस्टी म्हणून पुतण्यांनी एका गुळाच्या व्यापाऱ्याला घेतलं. भला माणूस, पण कुणालाही 'नाही' म्हणता न येणारा. कागद पुढे आला की सही करायचा आणि वर पान खायला घालायचा.

अण्णांचं दुकानाशी बसणं आता बंद झालं. पण अधूनमधून ते गल्लीच्या तोंडाशी दिसत. कधी सकाळी दुधाच्या वेळी, कधी टळटळीत दुपारी, कधी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन. ठरलेली वेळ कधीच नाही. सुमनच्या दारात फळीवर एकदा पाय आपटायचे, ती वळली की तिच्याकडे, चुलीकडे, पाण्याच्या हंड्याकडे नजर फिरवायचे, दोनदा पाय आपटायचे आणि निघायचे. सुरुवातीला ती त्यांच्याकडे बघायची नाही. किल्ली न घेतल्याचा राग होता. पुढे पुढे हात वर करू लागली.

बाहत्तरला पाऊस गेलाच. खेड्यापाड्यांतून माणसं शहराकडे आली, शहरात खोल्यांना मागणी वाढली. पुढच्या उन्हाळ्यात अण्णा एका दुपारी माझ्या घरी आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "चला माझ्याबरोबर. साक्षीला माणूस पाहिजे."

सुमनच्या दारात गेलो. अण्णांनी पाय आपटला. आतून रेडिओ दुरुस्त करणारा एक अनोळखी माणूस बाहेर आला. खोलीभर तारा आणि रेडिओची खोकी. "ती बाई होय? दुकानाबरोबर ही खोली पण मी भाड्याने घेतलीय. मागं दिलीय तिला जागा," म्हणाला. मागे म्हणजे जिथे पूर्वी कोळसा असायचा ती खोली. जमिनीला शहाबादी फरशी. सुमन भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. अण्णांनी फरशीवर पाय आपटला. ती वळली नाही. पुन्हा आपटला, या वेळी इतक्या जोरात की मी दचकलो. ती तांदूळच निवडत होती.

अण्णा भिंतीच्या कडेने सावकाश तिच्या समोर गेले. ती घाबरलीच, मग ओळखलं. तिने हाताचा तळवा फरशीवर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग उचलून नुसता हलवला. काही नाही. इथे काही कळत नाही. आणि मग तिने आम्हाला दार दाखवलं. कडीला एक सुतळी बांधलेली होती. झोपताना ती सुतळीचं दुसरं टोक मनगटाला बांधत असे, दार उघडलं तर कळावं म्हणून.

अण्णांनी ती सुतळी हातात घेऊन बघितली. गाठ ओढून बघितली. दुसऱ्या दिवशी सुमनला घेऊन कोर्टाजवळच्या एका तरुण वकिलाकडे गेले. काकू आणि मी बरोबर होतो. वकिलाने कागद वाचले आणि पहिला प्रश्न विचारला, "ही स्वतः बोलू शकत नाही. हिच्या वतीने उभं कोण राहणार? ट्रस्टी चालणार नाही. ट्रस्टींच्याच विरुद्ध दाद मागायची, तर तो स्वतःविरुद्ध कसा उभा राहील?"

अण्णांनी खिशातून तो मुद्रांकाचा कागद काढून टेबलावर ठेवला. "मी ट्रस्टी नाही. कधीच नव्हतो. हे साक्षीदार."

सुमनच्या वतीने नोटीस गेली. पुतणे पहिल्या गाडीने आले आणि अण्णांच्या दारात उभे राहिले.

"अण्णा, तुमचा काय संबंध वो?" वसंता ओरडला. "तवा चारचौघांत न्हाई म्हनलासा. आता कशाला मधी पडता?"

"तेव्हा नाही म्हणालो म्हणूनच आता पडता येतं."

"तिला काय उपाशी ठिवलीय का? खोली हाय, दोन टाइम जेवान हाय. लई झालं की!"

"तिला कुणी आलेलं कळत नाही," अण्णा म्हणाले. "तू तुझ्या घरात कान बांधून आणि दाराकडे पाठ करून एक दिवस बस. मग आपण बोलू."

भास्करने खाली बघितलं. वसंता शिव्या देत गेला. पण नोटिशीत नावं तिघांची होती, आणि स्वतःचं नाव कोर्टाच्या भाषेत छापलेलं पाहून गुळाचे व्यापारी हादरले. त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा कुणाला तरी 'नाही' म्हटलं, ते वसंताला. भास्करही त्यांच्या बाजूला गेला. तिघांत दोघे झाले. रेडिओवाला पुढच्या दुकानापुरता राहिला आणि सुमन तिच्या फळ्यांवर परत आली. दावा लावायची वेळ आली नाही.

मी घरी बसून गणित केलं. अण्णा ट्रस्टी झाले असते तर एक विरुद्ध दोन असे आत अडकले असते, आणि खोली गेली त्या ठरावाखाली नको म्हणत का होईना त्यांचंही नाव आलं असतं. गणित बरोबर सुटत होतं. पण बरोबर सुटणाऱ्या गणिताचाही मला संशय येतो. इतक्या आधी, इतकं सगळं त्यांना दिसलं होतं? की नुसते घाबरून मागे झाले होते आणि पुढचं आपोआप जुळत गेलं? मी विचारलं.

"चेकर कुठे चढणार ते आधी सांगत नाही," ते म्हणाले. मी उठलो नाही. तेव्हा म्हणाले, "तसं नाही. खरं सांगायचं तर मला वसंताचा एवढा संशय नव्हता. माझा होता."

"तुमचा?"

"किल्ली घेतली असती तर त्या घरात माझी खुर्ची झाली असती. वसंता आला की चहा सांगितला असता. पहिल्यांदा मी घेतला नसता. दुसऱ्यांदाही नसता. पण वर्षभर एक माणूस आदराने चहा विचारतोय, अण्णा अण्णा करतोय... एक दिवस मी बसलो असतो. मग तो म्हणाला असता, मागची खोली काय वाईट आहे, आणि मला ती खोली बसल्याबसल्या बरीच वाटली असती. नोकरीत असे बसलेले मी पाहिलेत. माझ्याहून कडक माणसं होती."

"मग त्या दिवशी सुमन किल्ली घेऊन आली तेव्हा?"

"तेव्हा हात मागे बांधले होते म्हणून निभावलं," एवढंच म्हणाले आणि उठून पाणी प्यायला आत गेले.

पुढे माझी बदली पेढीच्या कोल्हारच्या शाखेत झाली. गल्ली सुटायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला अण्णांकडे गेलो, तर काकू म्हणाल्या, बाहेर गेलेत, कुठे ते विचारू नका, सांगत नाहीत. मला ठाऊक होतं. गल्लीच्या तोंडाशी गेलो. अण्णा सुमनच्या दारात उभे होते. आता काठी आली होती, गुडघा वाकत नव्हता, आणि पाय आपटायला त्यांना चौकटीचा आधार घ्यावा लागत होता. आत सुमनने त्यांच्यासाठी पाट मांडला होता. त्यावर चहाची पितळी, तिने घासलेली, खिडकीच्या उजेडात चमकत होती. हा पाट ती रोज मांडत असे, असं मला नंतर कळलं.

अण्णा त्या चहाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. एक पाऊल पुढे टाकल्यासारखं मला वाटलं. मग त्यांनी चुलीकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. चौकट धरली आणि फळीवर दोनदा पाय आपटला.

सुमन खिडकीकडे वळून घागर घासायला लागलेली होती. तिने मान न वळवता हात वर केला.